पुसलेलं तळं

ज्ञानदाचं काम ओढ्यांना वाट करून देण्याचं, तेही जुळे सोलापुरातल्या ऑफिसात खुर्चीवर बसून. विमानातून लेसरनं मोजलेल्या जमिनीच्या उंचसखलपणावरून संगणक ओढे आखतो, पण रस्त्याखालचा पाईप त्याला कुठला दिसायला! रस्ता आडवा आला की तो बांध समजतो आणि मागं निळं तळं मांडून मोकळा होतो. मग ज्ञानदा पडद्यावर रस्ता कापायची, ओढा पलीकडं न्यायची, तळं पुसायची. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

पुराचा हा नकाशा पाठवण्याआधी काही जागा प्रत्यक्ष पाहायच्या होत्या. शेवटची अक्कलकोटच्या पुढं. परतीच्या पावसानं सकाळपासून झोडपून काढलं होतं. स्कूटी लावून ती पाईप शोधायला लागली, पण पाईप नव्हताच. ओढ्याचं गढूळ पाणी रस्त्याला थडकून मागं पसरत होतं, आणि त्या खोलगट जागेत एक घर होतं.

घरची जगदेवी दारात शेळ्या सोडत होती.

“अक्का, इथला पाईप कुठं गेला?”

“रस्ता रुंद केला तवा मुरमाखाली गाडला की.”

हेच तळं ज्ञानदानं पडद्यावर पुसलं होतं.

“घर सोडा. आत्ताच.”

“वसरतंय की पानी. आत सासू हाय, तिला उटता येत न्हाय.”

“नाही ओसरणार, अक्का. जायला वाटच नाही त्याला.”

जगदेवीनं खाली पाहिलं. उंबरा भिजला होता.

दोघींनी म्हातारीला गोधडीत घेतलं. म्हातारी कन्नडमधून शिव्या घालत होती. रस्त्याजवळ पाणी आणखी खोल. ज्ञानदाचा पाय निसटला, गोधडी पाण्यात टेकली, म्हातारी एकदम गप्प झाली. ज्ञानदाला वाटलं, संपलं. जगदेवीनं हिसका देऊन गोधडी वर घेतली. “धर बाई, सोडू नगं.” कशीबशी त्यांनी म्हातारी रस्त्यावर चढवली. जगदेवीही वर गेली.

तेवढ्यात ज्ञानदाच्या गळ्यातल्या पिशवीत फोन वाजला. तिचे साहेब, इंद्रजीत.

“नकाशा पाठवतोय. शेवटचा पाईप बघितलास ना?”

“सर, थांबा. इथलं तळं परत टाका.”

“अगं, तिथं तळं नाहीच. संगणकाची चूक म्हणून तूच काढलंस की.”

ज्ञानदानं मागं वळून पाहिलं. पाणी दारातून आत शिरलं होतं.

“चूक माझी होती, सर. मी त्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे.”