आगाशेबाईंचं बिननावाचं रोप

रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आगाशेबाई अनोळखी रोप दिसलं की त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि विचारायच्या, "तू कुणाची गो?" गावात परक्या पोरीला विचारतात ना, अगदी तसं. आम्ही मुली हसू दाबत उभ्या. बाई मात्र गंभीर. "लॅटिन नावात आडनाव आधी, हिचं स्वतःचं मागून. म्हणून आधी घराणं शोधायचं. आणि फळ बघितल्याशिवाय घराणं सांगू नये. फूल फसवतं हो."

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका श्रावणात नाटे गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, एका पाणथळ खळग्यात, त्यांना बोटभर उंचीची दोन रोपं दिसली. पांढरं फूल, त्यावर जांभळी रेघ. कुठल्याच पुस्तकात ती सापडेनात. बाईंनी एक उपटून वर्तमानपत्रात दाबलं, दुसरं राखलं आणि मला म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी फळ बघायला येऊ, सुमन. तोवर हिला नाव नाही."

पंधरा दिवसांनी बाई तापाने अंथरुणावर होत्या. मी एकटीच एसटीने गेले. फळ धरलं होतं. बाईंना चकित करावं म्हणून ते मुळासकट उपटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात नव्या जातीच्या कागदावर माझं नाव वाचत होते. घर आलं तशी भानावर आले. बाईंनी राखलेलं एकुलतं एक रोप मी संपवलं होतं. ते मी वर्तमानपत्रात दाबून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

बऱ्या झाल्यावर बाई मला घेऊन सड्यावर गेल्या. खळगा रिकामा. "गुरांनी खाल्लं असेल," मी म्हटलं.

पुढे मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. दर श्रावणात आम्ही तिथे जायचो, आणि दरवर्षी त्या विचारायच्या, "दुसरं होतं ना गो? की मलाच भास झाला?" मी "होतं, बाई" एवढंच म्हणायची. अंदाजाने नाव देऊन टाका, असं लोक सांगत. बाई म्हणत, "उगाच कुणाच्या घरात नेऊन बसवू तिला?" पहिलं रोप चिकटवलेल्या कागदावरची नावाची ओळ कोरीच राहिली.

शेवटच्या आजारात मला राहवेना. "बाई, दुसरं रोप मी उपटलं होतं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे होतं तर." मग हळूच, "फळ धरलं होतं का गो त्याला?"

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "नाही, बाई."

"मग तसंही नावाचं अडलंच असतं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात थोपटला. दोन दिवसांनी त्या गेल्या.

ते फळ अजून शाबूत आहे. त्या रोपाला नाव मिळायचं तर कागदावर लिहावं लागतं, कुणी आणि कधी गोळा केलं. दर श्रावणात मी पेन घेऊन बसते, आणि ट्रंक बंद करते.