एक नुक्ता कमी

माझा मित्र उल्हास गेल्याचा इब्रामपूरहून फोन आला, तेव्हा मी त्याचंच चित्र भिंतीवरून उतरवत होतो. पेडण्याच्या आमच्या घरात त्या भिंतीला ओल येते. महिना झाला, ते अजून परत टांगलेलं नाही.

उल्हासनं मस्कतला गालिच्यांच्या दुकानात हमाली केली होती. परतल्यावर तुयेच्या कारखान्यात पाळ्या करायचा आणि उरलेल्या वेळात रंगवायचा. चित्रात माणूस नाही, झाड नाही. काठाच्या आत काठ, मध्ये गर्द लाल आणि त्यावरून वाहत गेलेली अरबी अक्षरं. ती त्याला वाचता येत नसत. विचारलं की म्हणायचा, "वळण बरां दिसता, पुरे."

डिचोलीच्या पहिल्याच प्रदर्शनात पठ्ठ्यानं सगळ्यात मोठं चित्र जमिनीवर अंथरलं. गालिचाच तो, भिंतीवर कशाला? तासाभरात कुणीतरी ओरडलं, "हां देवाचां वचन आसलां तर? पांयांमुळात घातलां!" दारात माणसं जमली, आवाज चढले. हॉलवाला म्हणाला, हे उचला, नाहीतर सगळंच बंद करतो. माझी पाचावर धारण बसली. पेन्सिल तासायचं ब्लेड घेतलं आणि मी अक्षरं खरवडायलाच बसलो. टोकाचा एक ठिपका उडाला, तोच उल्हासनं माझं मनगट धरलं.

"काय लिवलां ता तुका तरी ठावक आसा?" मी खेकसलो.

"ना. पण ती वळणां गेली तर माझां काय उरता रे?"

तेवढ्यात करीमचाचा पुढे आले. मस्कतला उभा जन्म शिवणकाम केलेले म्हातारे टेलर. त्यांनी चपला काढल्या, चष्मा लावला, ओणवे झाले. उजवीकडून डावीकडे बोट फिरवत त्यांनी वाचलं.

"शेवटाक एक नुक्ता, एक ठिपको कमी आसा," ते म्हणाले. "पण कळता. ओलीपासून जपा."

गालिच्यांच्या गठ्ठ्यांवर छापलेली सूचना! हॉल खो-खो हसला. उल्हास तेवढा हसला नाही. "इतकी वर्सां ते गठ्ठे पाठीर व्हायलंय," तो हळूच म्हणाला, "तांच हातात इलां."

प्रदर्शन संपल्यावर ते चित्र त्यानं माझ्याच हातात दिलं. "तू खरवडलंस, आता तूच जप." नुक्ता त्यानं पुन्हा कधी भरला नाही. मीही माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिलो, तोवर हा फोन आला.

चित्र आता पलंगावर आहे. रोज कोरडं फडकं फिरवतो आणि त्या खरवडलेल्या ठिपक्याशी हात अडतो.

"सुकलां ता कधीच," बायको म्हणते, "आता टांगा बघू."

मी पुसतच राहतो.