समुद्राचं तुडूम

शेजारच्या धुरपताकाकूशी वाद घालून सिहोऱ्यात आजवर कोणी जिंकलं नाही. मीही नाही, आणि माझी जीभ किती चालते ते गावाला विचारा.

काकूचा मुलगा ईश्वर नौदलात होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचं जहाज बुडालं. तार आली, मढं आलं नाही. सून पुष्पा तेव्हा ऐन विशीतली. सानगडीच्या तुलारामकडून पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, विचारणं आलं की काकूचं उत्तर ठरलेलं.

"आपल्या तलावात डोमा बुडाला, तवा पाळीतलं तुडूम उघडून सारं पानी सोडलं. मढं सापडलंच ना? सरकारनं समुद्राचं तुडूम काहून नाही उघडलं? उघडा म्हना, मंग पाटाचं बोला."

अशी आठ वर्षं गेली. वाट पाहून पाहून तुलारामाला टक्कल पडलं, ही बातमी गावात मीच पसरवली.

मग समुद्रकाठच्या एका जुन्या किल्ल्यात फौजेचं संग्रहालय उघडलं, आणि शहिदांच्या घरच्यांना बोलावणं आलं. दोघींसोबत मी गेलो. सरकारी खर्चानं फिरणं कोण सोडतो!

तोफा, काचेआडचे गणवेश, जहाजाचा हातभर नमुना. काकू कशापुढेच थांबेना. एका दगडावर नावं कोरली होती. ईश्वरचं मी वाचून दाखवलं.

"बरं," ती म्हणाली. धानाचा भाव ऐकावा तशी.

बुरजावर चढलो. खाली समुद्र. ती डावीकडे पाहत राहिली, मग उजवीकडे, तलावाचा बांध शोधावा तशी.

"मारोत्या, याची पाळ कोन्या बाजूले आहे?"

"पाळ नाही, काकू."

"पल्याड असंन."

"पल्याडही पानीच."

तिचा माझ्यावर विश्वास कधीच नव्हता. तिनं पहारेकऱ्याकडे बोट केलं. मी त्याला विचारलं.

"पानी ही पानी है, माताजी," तो म्हणाला.

पुष्पा तोफेच्या सावलीत शेंगा फोडत बसली होती. "आत्याबाई, खाऊन घ्या," म्हणाली. काकूनं हात पुढे केला, दाणे घेतले, चावले.

परतीच्या गाडीत काकूनं खिडकीची जागा धरली.

आमच्या तुमसर रोड स्टेशनात गाडी थांबत आली, तेव्हा काकू खिडकीकडे तोंड ठेवूनच बोलली.

"त्या टकल्याले निरोप धाड. पाळच नाही, तं तुडूम कुठून असंन."

पुष्पा वरची ट्रंक उतरवत होती. उतरवत राहिली.