'गेला' म्हणू नका

दिल्लीत मुनिरक्यात माझ्या खोलीखालीच एक एसटीडी बूथ होता. नोएडाहून ऑफिसची बस मला सोडायची, तेव्हा त्या काचेआड एक मुलगी हमखास उभी असायची. ती रिसीव्हर आधी ओढणीने पुसायची, मग कानाला घट्ट दाबायची, आणि बोलणं संपेपर्यंत दाराची मूठ सोडायची नाही. कोणीतरी येऊन आपल्याला बाहेर काढेल असं तिला वाटत असावं. "जेवले गं आई," हे ऐकलं आणि कळलं, आपल्याकडचीच आहे.

परीक्षेच्या दिवसांत मी सहज विचारलं, "पेपर कसा गेला?"

ती दचकली. "ताई, 'झाला' म्हणा ना. 'गेला' नका म्हणू. एक विषय जरी गेला तरी स्कॉलरशिप बंद होते. मग कॉलेज, खोली सगळं सोडून घरी जायचं."

तेव्हा मला हसू आलं. पण भीतीची लागण होते. पुढे ऑफिसात कोणी 'लाइट गई' म्हटलं तरी मी दचकून मान वर करायचे.

निकाल लागला त्या संध्याकाळी बूथचं दार उघडंच होतं. तिने मूठ धरली नव्हती.

"आई, गणिताचा पेपर गेला," ती म्हणाली.

पलीकडचा आनंदी आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला, "चांगला गेला ना गं?"

तिने दाराची मूठ पकडली. मग म्हणाली, "हो. चांगला गेला."