सावित्रीची गव्हाची बियर

मे महिन्यात अख्खं मालवण सावित्री केळुसकरच्या मसाल्याची वाट बघतं. मिरच्या, धने, बडीशेप, दगडफूल, सगळं ती आपल्या हातानं भाजणार आणि गिरणीवर स्वतः उभी राहून दळून आणणार. अशी ही बाई साठी जवळ आल्यावर बियर करायला बसली, आणि तीही लेकीमुळे.

लेक अक्षया पुण्यात एका हॉटेलात बियर बनवते. आईला तिनं कामाची जागा दाखवायला नेलं आणि फिकट, गढूळशा बियरचा ग्लास पुढे केला. सावित्रीनं जन्मात कधी थेंब घेतला नव्हता. पोरीनं केलंय म्हणून ओठाला लावलं आणि ओरडलीच, "गो, ह्यात धने आसत!"

"बेल्जियमची पद्धत ती, आये. गहू, धने, संत्र्याची साल."

"माझो जल्म धन्यात गेलो आणि ह्या तू माका आता सांगतंस?"

परतताना तिच्या पिशवीत मोड आणून वाळवलेले गहू नि जव, कडवटपणासाठी हॉप्सची सुकी फुलं आणि यीस्टची पुडी होती. नवरा सहदेव, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. त्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "कोंबड्यांचा खाणा हाडलंस काय?"

मागच्या अंगणात चूल पेटली. भाताच्या मोठ्या टोपात धान्य कढत पाण्यात मुरलं. फोन माडाला टेकवलेला, त्यातून अक्षया सूचना देत होती. गाळायला काही सापडेना, तर सावित्रीनं सहदेवचा नवाकोरा पंचा ओढला. मग रस उकळला, फुलं पडली, साल पडली, धने पडले. निववायला बंदरावरून बर्फ आला. टोप बर्फात बसला तसा सहदेव म्हणाला, "आमच्या सुरमयेचोसुद्धा एवढो लाड कोण करीत नाय." शेवटी यीस्ट घालून सगळं झाकणाच्या पिंपात भरलं आणि झाकणातून काढलेली नळी पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी नळी बुडबुडायला लागली आणि सावित्रीचं भान सुटलं. मसाला न्यायला आलेल्या बायकांना ती आधी पिंपाशी न्यायची. "आयक, आयक! बोलता कशी बघ!" बायका कान लावायच्या नि तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या.

बाटल्या भरल्या, पुरेशा मुरल्या, तोवर अक्षया रजेवर आली. पहिलं बूच फस्सकन उडालं. फेस झकास. अक्षयानं ऐटीत घोट घेतला, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आये, तू धने भाजलंस?"

"मगे? कच्चे घालू?"

"कच्चेच घालायचे असतात गो! आणि भाजलंस खंयच्या कढईत?"

सहदेवनं हळूच चुलीकडे बोट दाखवलं. तिथे मिरच्या भाजून भाजून लालकाळी झालेली, मसाल्याची कढई बसली होती.

सहदेवनं ग्लास उचलला, घोट घेतला, ओठ पुसले. "बरी आसा. आता ह्यात दोन बांगडे सोडूचे रवले."

सावित्रीनंही घोट घेतला; तिला आधी ठसका लागला की हसू फुटलं, सांगता येणार नाही. ती मटकन खालीच बसली. अक्षया तिच्या अंगावर कोसळली. दोघींना श्वास घेता येईना. तेवढ्यात जाऊ गंगू मासे विकून टोपली घेऊन आली. तिला काही न सांगता ग्लास दिला. तिनं तो शांतपणे संपवला, जिभेवर चव घोळवली आणि गंभीरपणे म्हणाली, "घसो मोकळो झालो गो. सर्दीयेचा औषध काय?"

मग कोण आवरणार! तळलेल्या बांगड्याबरोबर ती तिखट बियर चौघांनी चाटूनपुसून संपवली. संध्याकाळी सावित्री दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक रिक्षावाल्याला हात करत होती, "काय रे, बरो मां?" आणि सहदेव तिला आत ओढता ओढता स्वतःच पायरीवर बसून हसत होता.

सकाळी अक्षयाला जाग आली ती आईच्या हाकेनं. "उठ गो! धने कच्चेच काढलंय. चूल पेटवतंय."