टीव्हीचा कौल

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले काका प्रत्येक वाक्याआधी "मतलब" म्हणत आणि टीव्हीवरच्या रोजच्या प्रश्नाला मोबाइलवरून उत्तर पाठवत. एकदा बॉम्बस्फोटांनंतर प्रश्न आला, 'तुमच्या शेजारी अतिरेकी राहत असेल का?' बहुतेकांचं उत्तर 'हो' होतं.

त्याच आठवड्यात ईद होती. कारखान्यात वर्षानुवर्षं काकांसोबत काम केलेले खानसाहेब नेहमीसारखे शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. काकांनी डबा दारातच घेतला, 'आत या' म्हटलं नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, असं का?"

"मतलब, एवढे लोक म्हणतायत, तर काहीतरी असेलच ना."

पुढच्या ईदला काका सकाळपासून दार उघडं ठेवून बसले होते. खानसाहेब आले नाहीत. संध्याकाळी काका चपला घालून त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले.