गंगेकाठचा झिरा

यवतमाळला मे महिन्याच्या उन्हात रसवंतीपुढे उभी होते. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लादीचं गार पाणी पायावर ठिबकलं आणि मी एकदम हरिद्वारला जाऊन पोचले, कितीतरी वर्षं मागे.

कापसानं लागोपाठ दगा दिला, ती वर्षं. महागावकडची आमची नदी होळीलाच आटायची. बाया कोरड्या पात्रात झिरा उकरायच्या, पाणी पाझरेपर्यंत बसून राहायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. माझ्या आत्याचा सारा जन्म त्यातच गेला.

तिला घेऊन यात्रेला गेले होते; हरिद्वारला मात्र भर उन्हाळ्यात गंगा दुथडी वाहत होती. मी अंघोळ करून वळले, तर आत्या काठच्या वाळूत हातानं खड्डा उकरत होती. शेजारी वाटी.

"आत्या, काय करून राह्यली? एवढी नदी वाहून राह्यली ना समोर!"

"प्याचं पाणी झिऱ्यातलंच घ्या लागते, बाई." मग नदीकडे बघून तिनं विचारलं, "पाऊस तं नाही, मंग हे येते कुठून?"

"वर पहाडात बर्फ हाये. तो वितळून येते."

"अन् तो सरल्यावर?"

"तो कायले सरते!"

तिनं वाटी उचलून हातात धरली. खड्ड्यात पाणी चढायची वाट बघत राहिली.

आता आत्या नाही. हिमनद्या आटत चालल्याची बातमी कानावर येते, तेव्हा तो वीतभर खड्डा दिसतो आणि वाटी धरून बसलेली आत्या दिसते. तिच्यासमोर नदी नसते. लांबवर नुसती वाळू असते.